अन्वयार्थाचा गुण

साहित्यकृतीचा अर्थ लावल्यामुळे त्या कृतीत काही पालट होतो काय, हा प्रश्न मी सुमारे तीस वर्षे एम. ए.च्या वर्गात विचारीत आलो. विद्यार्थी वहीकडे पाहत राहत. मग थोड्या वेळाने उत्तर मीच पुरवीत असे. कृती जागच्या जागी राहते, पालटतो तो वाचक, असे ते उत्तर. समीक्षेच्या पुस्तकांतून ते नाना परिभाषांत सापडते आणि त्यात चूक अशी काही नाही. परंतु २०१० च्या जुलैपासून पुढची दोन वर्षे दर गुरुवारी मी सांगलीहून एस. टी.ने कोल्हापूरला जाऊन एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंच्या समोर बसू लागलो, तेव्हा ह्या उत्तराचा मला काही उपयोग होईना. इथे जिचा अर्थ लावायचा ती संहिताच खुर्चीवर बसून रुमालाने मान पुसत होती. तिला बोलता येत होते, खोटे बोलता येत होते, गप्प बसता येत होते. शिवाय स्वतःच्या अर्थाविषयी तिची मते ठाम होती. अर्थ लागून पालटायचे होते ते ह्या संहितेला. वाचक पालटून भागणारे नव्हते.

औषधाला गुण येतो, असे आपण म्हणतो. अन्वयार्थाला गुण येतो काय, येत असल्यास तो कशाने येतो, हा प्रस्तुत टिपणाचा विषय आहे. मानसशास्त्राचा अभ्यासक म्हणून तो मांडण्याचा अधिकार मला नाही. अर्थ लावण्याच्या धंद्यात जन्म घालवलेला एक माणूस स्वतःच्या अर्थासाठी दुसऱ्याकडे जातो आणि त्याचे पैसे मोजतो, तेव्हा त्याला काय दिसते, एवढीच ह्या लेखनाची व्याप्ती.

तक्रार सांगायला सोपी आणि ऐकायला काहीशी हास्यास्पद होती. मला मोठ्याने वाचता येईना. २००९ च्या नोव्हेंबरात माझा थोरला भाऊ वारला. त्यानंतर सहासात आठवड्यांनी वर्गात कविता वाचीत असता चौथ्यापाचव्या ओळीशी आवाज बंद पडला. पाणी प्यालो, पुन्हा आरंभ केला, पुन्हा तोच प्रकार. त्याच दिवशी दुपारी प्राध्यापककक्षात मी कुठल्याशा परिपत्रकावरून तासभर वाद घातला आणि आवाज खणखणीत होता. बोलण्याला प्रत्यवाय नव्हता. छापील किंवा लिहिलेला मजकूर समोर धरून तो दुसऱ्याला वाचून दाखवायचा म्हटले, की घसा आवळला जाई. घशाच्या डॉक्टरांनी आत पाहून स्वरयंत्र निर्दोष असल्याचा निर्वाळा दिला. मी विद्यार्थ्यांकडून वाचून घेऊ लागलो. सरांनी अध्यापनाची नवी पद्धत काढली, असा त्यांचा समज झाला आणि विभागाच्या अहवालात त्याची प्रशंसाही झाली. मानसशास्त्र विभागातल्या एका सहकाऱ्याला मात्र खरे काय ते कळले. कोल्हापूरचा पत्ता त्यानेच दिला.

अण्णाविषयी थोडे सांगणे भाग आहे. वडील गेले तेव्हा मी दहा वर्षांचा होतो, अण्णा एकोणीस. त्याने प्री-डिग्रीचे वर्ष सोडले आणि साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकुनी धरली. गळिताच्या हंगामात पाळ्या असत. पाळी संपवून आला, की तो सतरंजीवर आडवा होई आणि म्हणे, "वाच." मी शाळेचा धडा वाची, बक्षिसाची पुस्तके वाची, पुढे पुढे हाताला लागेल ते वाची. पाच मिनिटांत त्याचे डोळे मिटत. मी थांबलो तर म्हणे, "वाच, ऐकतोय मी." तो ऐकत नाही हे मला कळे. मला कळते हे त्यालाही कळत असावे. असे हे सहासात वर्षे चालले. मी वडिलांना 'अहो अप्पा' म्हणत असे आणि अण्णाला 'अरे'. बापाची सगळी जबाबदारी उचललेल्या माणसाला शेवटपर्यंत एकेरीतच हाक मारली. आमच्या घरच्या ह्या व्याकरणातच पुढच्या पुष्कळ गोष्टी साठलेल्या होत्या, असे आता वाटते. पण त्या तपशिलात शिरण्याचे हे स्थळ नव्हे.

पाचव्या की सहाव्या गुरुवारी बाई म्हणाल्या, "सर, अण्णांनी तुमच्यासाठी शिक्षण सोडलं, त्याचा तुम्हाला कुठंतरी रागही आला असेल का? उपकारांचा राग येतो माणसाला." त्या माझ्याहून वीस वर्षांनी लहान होत्या आणि सगळ्या गावाप्रमाणे मला 'सर'च म्हणत. मी हे विधान तत्काळ मान्य केले. त्या तत्परतेचीच मला शंका यायला हवी होती. परतीच्या गाडीत हातकणंगले येईपर्यंत ऋण आणि क्रोध ह्यांच्या नात्यावर एक व्याख्यान मनात तयार झाले. पुढे एका चर्चासत्रात मी ते दिलेही, अर्थात टिपणे न वाचता. आवाज होता तसाच राहिला. अन्वयार्थ माझ्या माहितीत जमा झाला होता. त्याचे दुसरे काही झाले नव्हते.

ह्या प्रकाराची फ्रॉइडला चांगली ओळख होती. रुग्णाला त्याच्या नेणिवेतले गुपित सांगून टाकले म्हणजे तो बरा होईल, ह्या समजुतीचा त्याने १९१० सालच्या रानटी मनोविश्लेषणावरील छोट्या लेखात समाचार घेतला आहे. दुष्काळात उपाशी माणसांना पक्वान्नांच्या याद्या वाटाव्या, तसा तो उपाय, अशा अर्थाचा दृष्टान्त त्याने दिला. १९१४ च्या एका निबंधात तो आणखी पुढे जातो: रुग्ण जे आठवू शकत नाही ते तो कृतीत उतरवतो, उपचारकर्त्याच्याच समोर पुन्हा घडवून आणतो, आणि प्रतिरोधाचे नाव घेतल्याने प्रतिरोध नाहीसा होत नाही, त्याच्याशी झटत बसण्यासाठी रुग्णाला वेळ द्यावा लागतो. आपल्याकडे हे ग्रंथ वाचले गेले ते बहुधा कथा-कादंबरीतल्या पात्रांची मने उकलण्यासाठी. पात्र उठून जात नाही, फी बुडवीत नाही, बरे होत नाही. त्यामुळे फ्रॉइडची जी अर्धी चिंता उपचाराच्या तंत्राविषयी आहे, ती आपल्या समीक्षेच्या नजरेतून सुटली. १९२२ साली कलकत्त्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन करणारे गिरींद्रशेखर बोस ह्यांचा फ्रॉइडशी दीर्घ पत्रव्यवहार होता. दमनाच्या उपपत्तीबाबत त्यांनी स्वतंत्र मतही मांडले होते. मीही त्यांचे नाव वर्गात एकदोनदाच घेतले असेल.

उठून जाणाऱ्या पात्राचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे डोरा. १९०० च्या ऑक्टोबरात अठरा वर्षांची ही मुलगी फ्रॉइडकडे आली आणि त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी उपचार सोडून गेली. वृत्तांत १९०५ साली प्रसिद्ध झाला. वाङ्‌मयाच्या अभ्यासकांचे ह्या वृत्तांतावर विशेष प्रेम आहे. स्टीव्हन मार्कस ह्यांनी १९७४ साली तो आधुनिक कादंबरीसारखा वाचून दाखवला, एलेन सिक्सू ह्यांनी १९७६ मध्ये त्यावर नाटक केले. फ्रॉइडच्या अन्वयार्थाची चलाखी वाचताना आजही दिपायला होते. दोन स्वप्ने, त्यांतील घर, आग, दागिन्यांची पेटी, रेल्वे स्थानक, प्रत्येक धागा दुसऱ्यात गुंतलेला. डोरा 'नाही' म्हणाली, की ते 'नाही' दमनाचा पुरावा ठरे. पहिल्यांदा हा वृत्तांत वाचला तेव्हा मी फ्रॉइडच्या बाजूने होतो. कारण मीही असाच अर्थ लावणारा होतो आणि माझ्या कवितांनी मला कधी 'नाही' म्हटले नव्हते. खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला बसल्यावर त्या मुलीचा कंटाळा समजला. तिच्याविषयीचे वाचन अचूक असेलही, पण ते तिच्या डोक्यावरून कुणा तिसऱ्याशी केलेले संभाषण होते. पश्चलेखात फ्रॉइडने आपली चूक सांगितली आहे आणि ती वाचनातली चूक नव्हे: डोराने आपल्यावर कोणाची भूमिका लादली होती, ते संक्रमण आपण वेळेवर ओळखले नाही, असे तो म्हणतो. थोडक्यात, संहितेचा अर्थ लावता लावता आपण त्या संहितेतले एक पात्र झालो आहोत, हे वाचकाच्या ध्यानात आले नाही.

आता त्या गुरुवारकडे येतो.

२०११ चा एप्रिल होता. मी अण्णाचे एक जुने पत्र बरोबर नेले होते. १९७४ साली मी वसतिगृहात असताना आलेले. त्यात मनिऑर्डर, म्हशीचे वेत आणि परीक्षेची चौकशी, ह्याखेरीज काही नाही. बाईंनी ते आणायला सांगितलेले नव्हते. मी आपणहून घडी उघडली आणि वाचू लागलो. दोन ओळी नीट गेल्या. तिसऱ्या ओळीला मान वर केली तो बाईंचे डोळे मिटलेले. आवाज गेला.

बराच वेळ पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. मग त्या म्हणाल्या, "थांबलात."

"घसा," मी कसेबसे म्हणालो.

"तुम्ही वर बघितलंत, आणि मग थांबलात. माझे डोळे मिटलेले होते. मी झोपले असं वाटलं तुम्हाला."

मी मान हलवून नाही म्हटले.

"झोपले असते, तर उठवलं असतंत मला? की वाचत राहिला असता?"

ह्यावर मी जे बोललो ते माझ्या तोंडून निघाले ह्यावर माझा आजही विश्वास बसत नाही. "एवढ्या लांबून येतो मी, आणि तुम्ही पाचशे रुपये घेऊन झोपा काढता!" आवाज चांगलाच चढलेला होता, बाहेरच्या मुलीने दार किलकिले करून पाहिले.

बाई रागावल्या नाहीत, गोंधळल्याही नाहीत. एवढेच म्हणाल्या, "मी जागी होते, सर. डोळे मिटून ऐकायची सवय आहे मला. पण झोपले असते, तरी तुम्ही वाचत राहिला असतात असं वाटतं. इतकी वर्षं राहिलात तसं." थोड्या वेळाने मी पत्र पुढे वाचले. म्हशीच्या वेतापर्यंत वाचले. नंतर घसा पुन्हा दाटला, पण ते निराळे होते. ते सगळ्यांना होते तसे होते.

जेम्स स्ट्रॅची हे नाव आपण फ्रॉइडच्या चोवीस खंडी इंग्रजी आवृत्तीचा प्रमुख अनुवादक म्हणून ओळखतो. (चरित्रकार लिटन स्ट्रॅचीचा हा धाकटा भाऊ, थोरल्या भावाच्या सावलीत वाढलेल्यांविषयी मला उगाच जवळीक वाटते.) १९३४ साली त्याने मनोविश्लेषणाच्या उपचारक क्रियेवर एक निबंध लिहिला. परिवर्तक अन्वयार्थाची कल्पना त्यातली. त्याचे म्हणणे माझ्या शब्दांत असे: रुग्ण आपल्या मनातला जुना कठोर अधिकारी उपचारकर्त्यावर आरोपित करतो. उपचारकर्त्याने ती ऊर्मी, ती आपल्या दिशेने वळलेली असताना, त्याच क्षणी आणि थोड्याशा मात्रेत रुग्णाच्या जाणिवेत आणून द्यायची. ही पहिली पायरी. दुसरी पायरी रुग्णाने चढायची: मनातला तो जुना माणूस आणि समोर बसलेला हा खरा माणूस ह्यांच्यातले अंतर त्याला दिसले पाहिजे. हे अंतर दिसायचे तर उपचारकर्त्याने रागावता कामा नये आणि अति गोडही होता कामा नये. दोन्हींपैकी काहीही केले तरी तो जुन्या माणसासारखाच दिसू लागेल. म्हणून असा अन्वयार्थ देणे अवघड असते आणि उपचारकर्ते तो टाळून प्रश्न विचारणे, धीर देणे, उपपत्ती सांगणे ह्यांकडे वळतात, असेही त्याने नोंदवले आहे. अण्णावर मी आयुष्यात ओरडलो नव्हतो. ओरडल्यावरही समोरचा माणूस जागच्या जागी बसून राहतो, ही गोष्ट मला पंचावन्नाव्या वर्षी कळली, आणि तीही पाचशे रुपयांत.

स्ट्रॅचीची उपपत्ती मला पटते. तरी तिच्यात एक गोष्ट सुटते आणि ती आपल्या काव्यशास्त्राला ठाऊक आहे. रसाचा किंवा स्थायिभावाचा त्याच्याच नावाने उच्चार करणे हा मम्मटाने काव्यप्रकाशात रसदोष म्हणून गणला आहे. 'नायकाला क्रोध आला' असे म्हटल्याने रौद्र निष्पन्न होत नाही. त्यासाठी विभाव हवेत, अनुभाव हवेत. बाईंचा पहिला अन्वयार्थ स्वशब्दवाच्य होता: त्यांनी 'राग' हा शब्द उच्चारला आणि मला राग आला नाही, रागाविषयीचा निबंध आला. दुसऱ्या खेपेस त्यांनी रागाचे नावही घेतले नाही. मिटलेले डोळे, वर झालेली मान, थांबलेला आवाज, एवढे अनुभाव त्यांनी क्रमाने मांडले आणि एक प्रश्न विचारला. राग तिथल्या तिथे निष्पन्न झाला. ध्वनिसिद्धांत उपचाराला लावण्याचा हा मोह मी आवरता घेतो. कारण सहृदयाने आस्वाद घ्यावा अशी परिस्थिती तिथे नव्हती आणि ह्या तुलनेत साधारणीकरण कुठे बसवायचे, हे मला उमगलेले नाही. परंतु आशय तोच असूनही एक अन्वयार्थ निष्फळ का जातो आणि दुसरा का फळतो, ह्याचे ह्याहून नेमके वर्णन मला पाश्चात्त्य ग्रंथांत मिळाले नाही.

मेपासून मी घरी थोडे थोडे वाचू लागलो. जुलैत वर्गात अर्धे पान वाचले. दिवाळीनंतर अडचण उरली नाही. मुलांना नवी पद्धत बंद झाल्याचे वाईट वाटले असावे.

पण हकिकत इथे संपत नाही. त्या गुरुवारनंतर दोन आठवड्यांनी मला मिरजेच्या रुग्णालयातली अण्णाची शेवटची रात्र आठवली. विसरलो होतो असे नव्हे, पण एक तुकडा कधी समोर आला नव्हता. मी खाटेशेजारी वर्तमानपत्र वाचून दाखवीत होतो. उसाच्या दराची बातमी होती, ती त्याला हवी असे. त्याचे डोळे मिटलेले होते. मी सवयीने वाचीत राहिलो. मग परिचारिका आली, तिने त्याचे मनगट हातात धरले आणि मला म्हणाली, "काका, थांबा." म्हणजे किती ओळी मी मेलेल्या माणसाला वाचून दाखवल्या, ह्याचा हिशेब नाही. हे सांगितल्यावर सगळे जागेवर बसल्यासारखे झाले. लक्षण, त्याचा मुहूर्त, मोठ्याने वाचण्यापुरताच आवाज जाणे, वर पाहिल्यावर थांबणे: एकही धागा लोंबकळत राहिला नाही. असा अन्वयार्थ विद्यार्थ्याने प्रबंधात लिहिला असता तर मी त्याला पहिला वर्ग दिला असता.

रुग्णाचे 'हो' किंवा 'नाही' हा अन्वयार्थाचा पुरावा होऊ शकत नाही, नव्या आठवणी वर येणे हा त्याहून बरा पुरावा, असे फ्रॉइडने १९३७ च्या एका निबंधात म्हटले आहे. त्या हिशेबाने माझी आठवण हे बाईंच्या अन्वयार्थाला मिळालेले प्रमाणपत्रच होते. मीही तसे धरून चाललो.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात अण्णाच्या श्राद्धाला गावी गेलो. जेवणे झाल्यावर वहिनींशी बोलता बोलता मी हे सगळे त्यांना सांगितले. दोन वर्षे सांगितले नव्हते. त्या भांडी पुसत होत्या. पुसता पुसता म्हणाल्या, "भाऊजी, वाचत कुठं होता तुम्ही? दहाला दिवे घालवायचे तिथं. तुम्ही खुर्चीत झोपला होता. सिस्टरनं उठवलं तुम्हाला." मी म्हटले, वऱ्हांड्याचा उजेड येत होता. त्या म्हणाल्या, "येत असंल." विषय तिथे संपला. त्यांच्या आवाजात ठपका नव्हता. त्या स्वतः त्या रात्री तिथे नव्हत्या, पहाटे आल्या, हेही खरे. त्यांनी ऐकले ते परिचारिकेकडून.

डोनल्ड स्पेन्स ह्यांनी १९८२ च्या आपल्या ग्रंथात कथनात्म सत्य आणि ऐतिहासिक सत्य असा भेद केला. उपचारात गुण येतो तो कथनाच्या सुसंगतीमुळे, भूतकाळाशी ते कथन तंतोतंत जुळल्यामुळे नव्हे, असा त्यांचा एकंदर रोख आहे. समीक्षेच्या वर्तुळात हे मत फार लवकर पसरले. आम्हा मंडळींना ते सोयीचे होते, कारण सगळेच संहिता ठरल्यावर आमचा धंदा विस्तारतो. मीही हा भेद उत्साहाने शिकवला आहे. वहिनींच्या त्या एका वाक्यानंतर मला तो शिकवता आला नाही. भाऊ मरत असताना मी वाचीत होतो की झोपलो होतो, ह्यांपैकी कोणतेही कथन सुसंगत असले की पुरे, असे मला कोणी म्हणाले तर मी त्याच्याशी बोलणार नाही. फ्रॉइडचाच १८९९ चा आवरणस्मृतींवरचा निबंध मी ह्या वेळी पुन्हा काढला: स्पष्ट, रेखीव आठवण कधी कधी दुसऱ्या एखाद्या आठवणीवर घातलेले पांघरूण असते. वाचीत राहणाऱ्या धाकट्या भावाचे चित्र करुण आहे आणि त्यात मी कर्तव्यनिष्ठ दिसतो. झोपलेला मी तसा दिसत नाही. आणि झोपणारा तर आजवर अण्णा होता.

एडवर्ड ग्लोव्हर ह्याने १९३१ सालीच ही शंका घेतली होती. अयथार्थ अन्वयार्थानेही लक्षण जाते, कारण रुग्णाला जुन्या लक्षणाऐवजी टेकायला एक नवी जागा मिळते, असे त्याचे निरीक्षण. अडॉल्फ ग्रुनबाउम ह्यांनी १९८४ मध्ये तत्त्वज्ञाच्या कठोरपणाने हाच मुद्दा फ्रॉइडच्या विरोधात उभा केला. रुग्णात प्रत्यक्ष जे आहे त्याच्याशी जुळणाराच अन्वयार्थ गुण देतो, म्हणून गुण आला हाच सत्याचा पुरावा, असा फ्रॉइडचा युक्तिवाद होता. न जुळणाराही गुण देत असेल, तर त्याचा पाया खचतो आणि उरते ती केवळ सूचना, डॉक्टरच्या शब्दाचा प्रभाव. माझी केस ग्रुनबाउम ह्यांच्या हाती लागती, तर त्यांना आनंद झाला असता.

ह्यावर माझे उत्तर अर्धेच आहे, ते मांडतो. बाईंनी ज्याचा अर्थ लावला ती मिरजेची रात्र नव्हती. ती त्यांना तेव्हा ठाऊकही नव्हती. त्यांनी अर्थ लावला तो त्यांच्याच खोलीत, दोघांच्या देखत घडलेल्या एका थांबण्याचा; तिथे साक्षीदार दोन होते आणि त्यांच्यात मतभेद नव्हता. आवाज परत यायला आरंभ झाला तो त्या दिवशी, आठवण येण्याच्या दोन आठवडे आधी. तेव्हा आठवण खोटी ठरली, तरी गुण खोटा ठरत नाही. तथापि आवाज टिकला तो आठवणीमुळे की तिच्यावाचूनही टिकला असता, हे ठरवण्याचे साधन माझ्यापाशी नाही. एका रुग्णावर प्रयोग होत नाही.

अनेकांवर झालेला एक प्रयोग मात्र आहे. ऑस्लो येथे पेर हॉग्लेन्ड आणि सहकाऱ्यांनी शंभर रुग्णांना वर्षभर, आठवड्यातून एकदा, मनोगतिक उपचार दिले. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडून एका गटात संक्रमणाचे अन्वयार्थ दिले, दुसऱ्यात दिले नाहीत. २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकंदरीत दोन गटांत लक्षणीय फरक पडला नाही. पण ज्यांची माणसांशी असलेली नाती जन्मभर कच्ची राहिली होती, त्यांना हे अन्वयार्थ मिळाल्याचा अधिक लाभ झाला; अशा रुग्णांना ते झेपत नाहीत, हीच आजवरची रूढ समजूत होती. त्याआधी १९९८ मध्ये बॉस्टनच्या एका अभ्यासगटाने, ज्यात डॅनियल स्टर्न होते, उपचारात अन्वयार्थाहून 'अधिक काही' असते, दोन माणसांमधल्या भेटीचा असा एखादा क्षण असतो, हे आग्रहाने मांडले होते. हे वाचून आमच्या व्यवसायाचा गर्व जरा उतरतो. विनिकॉटने तर उतारवयात सांगून टाकले, की मी अन्वयार्थ देतो तो मुख्यतः माझ्या समजुतीची मर्यादा रुग्णाला कळावी म्हणून. आणि अर्थ सांगण्याच्या स्वतःच्या गरजेपायी किती रुग्णांत होऊ घातलेला पालट आपण अडवला, ह्याची खंतही त्याने व्यक्त केली. निवृत्तीला पाच वर्षे उरलेली असताना हे वाचले. त्यानंतर वर्गात कवितेचा अर्थ सांगण्यापूर्वी मी जरा जास्त वेळ थांबू लागलो. त्याचा विद्यार्थ्यांना फायदा झाला की नाही, हे त्यांना विचारले पाहिजे.

वहिनींचे म्हणणे मी डिसेंबरातल्या एका गुरुवारी बाईंना सांगितले. सगळे पुरावे दोन्ही बाजूंनी मांडले: दिवे, वऱ्हांडा, परिचारिका, ऐकीव माहितीचे मूल्य. ग्लोव्हर, स्पेन्स आणि ग्रुनबाउम ह्यांचाही उल्लेख केला. आपला अन्वयार्थ धोक्यात आलेला पाहून त्या त्याचा बचाव करतील, अशी माझी अटकळ होती. खरे सांगायचे तर तशी इच्छाच होती. त्यांनी डोळे मिटून सगळे ऐकले. मी न थांबता बोललो.

मग म्हणाल्या, "आणि सर, झोपला असाल तर?"

मी म्हटले, मुद्दा तो नाही, मुद्दा प्रामाण्याचा आहे. त्या काही बोलल्या नाहीत. वेळ संपली होती. मी पैसे देऊन जरा चिडूनच बाहेर पडलो आणि स्टँडवर आलो, तो पावणेसातची सांगली गाडी सुटलेली होती.